घरी ईसीयू ट्यूनिंग शिकायचे असेल तर कोणत्या क्रमाने शिकावे

प्रश्न असा आहे. कोल्हापूरजवळ राहणाऱ्या आणि यंत्र अभियांत्रिकीची पदविका पूर्ण केलेल्या एका तरुणाकडे जुनी मारुती एस्टीम आहे. तिचे १.३ लिटरचे पेट्रोल इंजिन चालू स्थितीत आहे आणि इंजिनाचा संगणक, म्हणजे ईसीयू, ट्यून करण्याचे काम त्याला घरीच शिकायचे आहे. ऑनलाइन मिळणारे स्वस्त फ्लॅशिंगचे (ईसीयूत नवे आकडे भरण्याचे) उपकरण आणि तयार मॅप (इंधन व ठिणगीच्या आकड्यांची कोष्टके) विकत घेऊन सुरुवात करावी का, पुढे भावाच्या डिझेल गाडीला हात लावता येईल का, आणि पैसे भरून एखादा अभ्यासक्रम करावा का, असे त्याने विचारले आहे.

घरी शिकता येते, आणि एस्टीमसारखे टर्बो नसलेले, प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र इंजेक्टर असलेले साधे पेट्रोल इंजिन त्यासाठी फार चांगले आहे. मात्र फ्लॅशिंगचे उपकरण आणि तयार मॅप यांपासून सुरुवात करू नका, असे माझे स्पष्ट मत आहे. दुसऱ्याने बनवलेला मॅप भरल्यावर गाडी जोरात पळू लागली तरी ती का पळाली हे तुम्हाला कळणार नाही, आणि पिस्टनला भोक पडले तरी ते का पडले हेही कळणार नाही. या कामाचा गाभा मोजमापात आहे: या क्षणी सिलिंडरमध्ये किती हवा गेली, तिला किती इंधन मिळाले आणि ठिणगी कधी पडली, हे नोंदीवरून ओळखता आले पाहिजे. ज्याला लॉग (म्हणजे ही नोंद) वाचता येतो त्याला टेबलातले आकडे बदलायला लवकर जमते. ज्याला तो वाचता येत नाही तो कितीही महाग सॉफ्टवेअर घेऊन बसला तरी अंदाजानेच काम करत राहतो. म्हणून पुढे सांगितलेल्या क्रमात इंजिनातले काहीही बदलण्याआधी पाहण्याचे आणि मोजण्याचे बरेच काम आहे.

आधी कागदावर एक हिशेब करून पाहा, कारण इंजिनाचा संगणक दर फेऱ्याला हाच हिशेब करत असतो. एस्टीमच्या इंजिनाची क्षमता १२९८ घनसेंटिमीटर आहे, म्हणजे एका सिलिंडरच्या वाट्याला सुमारे ३२५ घनसेंटिमीटर येतात. समुद्रसपाटीजवळ, २० अंश सेल्सिअस तापमानाला एक लिटर हवेचे वजन साधारण १.२ ग्रॅम असते, त्यामुळे सिलिंडर पूर्ण भरला तर त्यात सुमारे ०.३९ ग्रॅम हवा मावते. शुद्ध पेट्रोलच्या पूर्ण ज्वलनासाठी वजनाने १४.७ भाग हवेला एक भाग इंधन लागते, म्हणून एका फेऱ्याला ०.०२६५ ग्रॅम पेट्रोल पुरते. इंजेक्टर मिनिटाला २०० घनसेंटिमीटर सोडणारा आहे असे धरले, तर तो सेकंदाला जवळपास २.५ ग्रॅम पेट्रोल देतो, आणि वरचे इंधन सोडायला त्याला साडेदहा मिलिसेकंदांच्या आसपास उघडे राहावे लागते. प्रत्यक्षात सिलिंडर पूर्ण भरत नाही. तो ८० टक्केच भरत असेल तर हा काळ साडेआठ मिलिसेकंदांवर येतो. थ्रॉटल (हवेची झडप) अर्धवट मिटलेला असताना मॅनिफोल्डमधला (सिलिंडरांकडे हवा नेणाऱ्या नळीतला) दाब ५० किलोपास्कलवर आला, तर काळही निम्मा होतो. बारावीच्या भौतिकशास्त्रातला आदर्श वायूचा नियम इथे जसाच्या तसा लागू पडतो. दाब, तापमान आणि आकारमान माहीत असताना जे एकच कलम अज्ञात राहते, ते म्हणजे सिलिंडर किती टक्के भरतो. व्हीई टेबल म्हणून जे काही स्क्रीनवर दिसते, ते या एका अज्ञाताचे, वेगवेगळ्या आरपीएमला आणि वेगवेगळ्या दाबाला मोजलेले कोष्टक असते. हे मनात पक्के बसले की त्या टेबलाची भीती राहत नाही.

पुढची पायरी म्हणून घरातल्या किंवा ओळखीच्या कोणाच्या तरी अलीकडच्या पेट्रोल गाडीच्या ओबीडी (तपासणीच्या) सॉकेटला ईएलएम३२७ जातीचा साधा अडॅप्टर जोडा आणि काही आठवडे फक्त वाचन करा. शॉर्ट टर्म आणि लाँग टर्म फ्युएल ट्रिम (संगणक इंधनात आपण होऊन करतो ती दुरुस्ती), मॅनिफोल्डचा दाब, आत येणाऱ्या हवेचे तापमान, ठिणगीचा कोन आणि ऑक्सिजन सेन्सरचा व्होल्टेज, हे आकडे गाडी थंड असताना, सिग्नलला उभी असताना आणि चढावर कसे बदलतात याची नोंद ठेवा. गाडी अर्थात दुसऱ्याने चालवावी आणि लॅपटॉप किंवा फोन तुमच्याकडे असावा. हा नियम पुढे कायमचा पाळायचा आहे. लाँग टर्म ट्रिम सतत अधिक १० टक्के दाखवत असेल, तर संगणकाला वाटते त्यापेक्षा जास्त इंधन इंजिनाला लागत आहे. मग मॅनिफोल्डला हवा गळते आहे, इंधनाचा दाब कमी आहे, की इंधनच बदलले आहे, असा विचार सुरू होतो. ट्यूनरचे अर्धे आयुष्य याच प्रकारच्या विचारात जाते.

यानंतर इंजिनाशिवाय, घरातल्या मेजावर करायचे काम येते. स्पीडुइनो हा ईसीयू बनवण्याचा मुक्त स्रोत प्रकल्प आर्डुइनो मेगा २५६० या बोर्डावर चालतो आणि ट्यूनरस्टुडिओ या सॉफ्टवेअरने त्याचे टेबल पाहता व बदलता येतात. रुसईएफआय आणि मेगास्क्वर्ट हे याच प्रकारचे दुसरे पर्याय आहेत. शिकणाऱ्याला मी स्पीडुइनो सुचवतो, कारण त्याची रचना उघडी आहे आणि संगणक नेमका काय करतो हे कोड वाचून तपासता येते. दुसऱ्या एका स्वस्त आर्डुइनोवर क्रँक सेन्सरचे (इंजिनाचा दांडा कुठे फिरला हे सांगणाऱ्या सेन्सरचे) खोटे संकेत तयार करणारा आर्डु-स्टिम हा प्रोग्राम चढवला, की इंजिन नसतानाही संगणकाला ते फिरते आहे असे वाटते. छत्तीसपैकी एक दात कमी असलेल्या चक्राचा संकेत द्या, इंजेक्टर आणि कॉइलच्या जागी एलईडी लावा, दाब आणि तापमान सेन्सरच्या जागी पोटेन्शिओमीटर लावा, आणि एक एक आकडा बदलला की कोणता परिणाम होतो हे पाहत राहा. छत्तीस दातांच्या चक्रात प्रत्येक दात १० अंशांचा असतो आणि ६००० आरपीएमला एक अंश पार व्हायला सुमारे २८ मायक्रोसेकंद लागतात. इतक्या बारीक काळाशी आपला संबंध आहे, म्हणून क्रँक सेन्सरच्या वायरला आच्छादन असणे, सेन्सरचे अर्थिंग संगणकापाशीच येणे आणि इंजेक्टर व कॉइलचे जड प्रवाह वेगळ्या वायरने थेट ब्लॉकवर जाणे, या गोष्टींना फार महत्त्व आहे. मॅप बिघडला म्हणून आणलेल्या गाड्यांमध्ये मला वायरिंगचा दोष नेहमी आधी तपासावासा वाटतो.

एस्टीमच्या इंजिनाला हात लावण्यापूर्वी ते यांत्रिकदृष्ट्या धडधाकट आहे याची खात्री करा. चारही सिलिंडरचे कॉम्प्रेशन एकमेकांच्या जवळपास असावे, इनटेकला गळती नसावी, इंजेक्टर स्वच्छ करून त्यांचा प्रवाह मोजलेला असावा, आणि इंधनाचा दाब गेजवर पाहून, सुमारे ३ बारच्या आसपास, स्थिर राहतो का हे तपासलेले असावे. इंजेक्टरचा प्रवाह दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतो, त्यामुळे पंप थकलेला असेल तर तुम्ही आज बसवलेले टेबल उद्या चुकीचे ठरेल. मूळ ईसीयू आणि मूळ वायरिंग कापू नका. क्रँक पुलीवर दातांचे चक्र बसवा, स्पीडुइनोसाठी नवे वायरिंग स्वतंत्रपणे ओढा आणि जुना संगणक केव्हाही परत जोडता येईल अशी सोय ठेवा. कायद्याच्या दृष्टीनेही ही सोय आवश्यक आहे. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीपुस्तकातल्या आणि निर्मात्याने ठरवलेल्या तपशिलांशी विसंगत ठरणारा बदल वाहनात करता येत नाही. प्रदूषणाच्या मर्यादा प्रत्येक वाहनाला लागू आहेतच, आणि विमा कंपनीला न कळवता केलेला बदल अपघातानंतर दाव्याच्या आड येऊ शकतो. प्रयोगाचा काळ खासगी जागेत, शेतातल्या सरळ रस्त्यावर किंवा ट्रॅकवर काढावा. बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवून ट्यूनिंग कधीही करू नका, कारण रिच (इंधन जास्त असलेल्या) मिश्रणावर चालणाऱ्या इंजिनातून बाहेर पडणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

इंजिन पहिल्यांदा सुरू झाले की इंधनाकडे वळण्याचा मोह होतो. त्याआधी टायमिंग लाइट (ठिणगीबरोबर चमकणारा दिवा) घ्या. सॉफ्टवेअरमध्ये ठिणगीचा कोन १० अंशांवर कायम करा आणि पुलीवरची खूण खरोखर १० अंशांवर दिसते का ते पाहा. मग रेस वाढवून ४००० आरपीएमला पुन्हा पाहा. खूण सरकत असेल तर क्रँक सेन्सरच्या दोन वायरींची अदलाबदल झालेली असू शकते. ती दोन्ही वेळा सारखीच चुकीच्या जागी दिसत असेल, तर चक्राचा कोन चुकीचा भरलेला असतो. स्क्रीनवरचा कोन आणि प्रत्यक्षातला कोन एकच आहे हे सिद्ध झाल्याशिवाय पुढचा एकही आकडा विश्वासार्ह नाही. ही तपासणी थोड्याच वेळात होते, आणि ती टाळल्यामुळे इंजिने गेलेली आहेत.

आता इंधन. यासाठी वाइडबँड ऑक्सिजन सेन्सर हवाच, आणि पैसे वाचवायचे असतील तर ते दुसरीकडे वाचवा. गाडीचा मूळ नॅरोबँड सेन्सर मिश्रण आदर्श प्रमाणाच्या अलीकडे आहे की पलीकडे एवढेच सांगतो, किती दूर आहे ते सांगत नाही. बॉशचा एलएसयू ४.९ हा वाइडबँड सेन्सर आणि त्याचा कंट्रोलर एवढे साहित्य पुरते. सायलेंसरच्या पाइपला वेल्ड केलेली त्याची सॉकेट आडव्या रेषेपासून किमान १० अंश वर झुकलेली असावी, म्हणजे सकाळी पाइपात साचणारे पाणी सेन्सरवर बसणार नाही. इंजिन चालू असताना त्याचा हीटर बंद ठेवू नये. जोडाला गळती असेल तर बाहेरची हवा आत ओढली जाते आणि मिश्रण खोटेच लीन (इंधन कमी असलेले) दिसते, हेही लक्षात ठेवा.

आकडे लॅम्डामध्ये, म्हणजे प्रत्यक्ष हवा-इंधन प्रमाण भागिले आदर्श प्रमाण या रूपात, वाचण्याची सवय लावा. याचे आपल्याकडचे कारण इथेनॉल आहे. २०२५ सालापासून पंपावर मिळणारे साधे पेट्रोल बहुतेक ठिकाणी ई२०, म्हणजे आकारमानाने २० टक्के इथेनॉल असलेले आहे. इथेनॉलला वजनाने फक्त ९ भाग हवा लागते, त्यामुळे ई२० चे आदर्श प्रमाण १४.७ वरून साधारण १३.५ वर येते. जुन्या मॅपवर चालणाऱ्या इंजिनाला हे इंधन दिले तर ते वजनाने आठ-नऊ टक्के लीन होते. एकसमान वेगात जाताना क्लोज्ड लूप, म्हणजे ऑक्सिजन सेन्सर पाहून इंधन सुधारण्याची सोय, ही तूट भरून काढतो, पण पूर्ण थ्रॉटलला, जिथे जुनी प्रणाली सेन्सरकडे पाहतच नाही, तिथे ती तशीच राहू शकते. लॅम्डा एक म्हणजे आदर्श मिश्रण, मग टाकीत कोणतेही पेट्रोल असो. तुमच्या इंजिनाला आयडलला आणि हलक्या भाराला लॅम्डा १ च्या जवळपास, आणि पूर्ण थ्रॉटलला ०.८५ ते ०.८८ हे सुरुवातीचे लक्ष्य योग्य आहे.

व्हीई टेबल भरण्याआधी इंजेक्टरचा डेड टाइम नीट भरा. विद्युतप्रवाह मिळाल्यापासून सुई प्रत्यक्ष उघडेपर्यंत जाणारा हा वेळ १४ व्होल्टला साधारण एक मिलिसेकंद असतो आणि बॅटरीचा व्होल्टेज उतरला की वाढतो. आयडलला इंजेक्टर एकूण दोन-तीन मिलिसेकंदच उघडतो, त्यामुळे डेड टाइममधली छोटीशी चूकही तिथे मोठी होते. हेडलाइट आणि पंखा लावल्यावर आयडलचे मिश्रण बदलत असेल, तर व्हीई टेबलाला हात लावू नका. दोष बहुधा डेड टाइमच्या व्होल्टेज सुधारणेत असतो.

नंतर व्हीई टेबलाचा एकेक सेल, म्हणजे एकेक चौकट, भरत जायचे. गाडी दुसऱ्या किंवा तिसऱ्या गिअरमध्ये, एका आरपीएमला आणि एका दाबाला, काही सेकंद स्थिर धरायची, लॅम्डा वाचायचा आणि त्या प्रमाणात सेल गुणायचा. लक्ष्य १.०० असताना १.०५ दिसत असेल तर सेल पाच टक्क्यांनी वाढतो, इतके ते सरळ आहे. धूर सेन्सरपर्यंत पोचायला काही दशांश सेकंद लागतात, म्हणून थ्रॉटल हलत असतानाचे वाचन शेजारच्या सेलच्या खात्यावर जमा होते. ट्यूनरस्टुडिओच्या नोंदणीकृत आवृत्तीत हे काम आपोआप करण्याची सोय आहे आणि ती उपयुक्तही आहे, पण इंजिन थंड असताना, गिअर बदलताना आणि इंधन तोडलेल्या उतारावर ती बंद राहील अशा गाळण्या आधी लावल्या पाहिजेत. सुरुवातीचे टेबल मात्र हाताने भरा. शेजारच्या दोन सेलमध्ये अचानक उंचवटा किंवा खड्डा दिसला, तर इंजिनात असा खड्डा सहसा नसतो. वाचन चुकलेले असते.

इथे कोल्हापुरात राहणाऱ्याने एक गोष्ट विशेष ध्यानात घ्यावी, कारण परदेशी मार्गदर्शिकांत ती फारशी आढळत नाही. कोल्हापूर आणि पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५५० ते ५७० मीटर उंचीवर आहेत आणि तिथे हवेचा दाब सुमारे ९५ किलोपास्कल असतो. टर्बो नसलेल्या इंजिनाच्या मॅनिफोल्डमध्ये बाहेरच्यापेक्षा जास्त दाब येऊ शकत नाही, त्यामुळे तुम्ही कितीही मेहनत घेतली तरी १०० किलोपास्कलच्या ओळीतले सेल तिथे कधीच तपासले जाणार नाहीत. पुढे आंबा घाट उतरून रत्नागिरीला गेलात आणि पूर्ण थ्रॉटल दिला, की इंजिन नेमके त्याच न तपासलेल्या ओळीत शिरते. तिथे सिलिंडर सर्वांत जास्त भरतो आणि नॉकिंगचा, म्हणजे मिश्रण आपोआप पेटून आत ठोके बसण्याचा, धोकाही सर्वांत जास्त असतो. उलट महाबळेश्वरच्या उंचीवर दाब ८६ च्या आसपासच राहतो. म्हणून वरच्या दोन ओळी खालच्या ओळींच्या कलावरून किंचित जास्त इंधन आणि दोन-तीन अंश कमी अ‍ॅडव्हान्स (ठिणगी किती अंश आधी पडते तो कोन) देऊन भराव्यात, आणि किनाऱ्यावर गेल्यावर हळूहळू तपासाव्यात. तापमानाचेही तसेच आहे. मे महिन्यात गाडी रहदारीत उभी राहिली की बॉनेटखालची हवा ५५ अंशांपर्यंत तापते आणि २५ अंशांच्या हवेपेक्षा ती सुमारे नऊ टक्के विरळ असते. सेन्सर धातूच्या मॅनिफोल्डमध्ये बसवलेला असेल तर तो हवेऐवजी धातूचे तापमान सांगतो, आणि गाडी पुन्हा पळू लागल्यावर काही वेळ मिश्रण लीन राहते. सेन्सर एअर फिल्टरजवळच्या प्लॅस्टिकच्या नळीत हलवला तर हा त्रास बराच कमी होतो.

स्थिर अवस्थेतले टेबल जमले की गाडी चांगली चालेल असे वाटते, आणि पहिल्याच सिग्नलला ती घुटमळते. कारण असे की, इंजेक्टरने सोडलेल्या पेट्रोलचा काही भाग पोर्टच्या भिंतीवर पातळ थर होऊन बसतो. थ्रॉटल अचानक उघडला की दाब वाढतो, थर जाड होऊ लागतो आणि सिलिंडरला तेवढा वेळ कमी इंधन मिळते. त्याची भरपाई थ्रॉटलच्या वेगानुसार जादा इंधन देऊन करतात. हे काम कानाने आणि लॉगने, थोडे थोडे करून साधते. व्हीई टेबल कच्चे असताना ते करायला गेलात तर दोन्ही दोष एकमेकांत मिसळतात. थंड सुरुवातीचेही धीराने घ्यावे लागते, कारण रात्रभर थंड झालेले इंजिन दिवसातून एकदाच मिळते. सकाळी एक बदल करायचा, लॉग ठेवायचा आणि पुढच्या बदलासाठी दुसऱ्या सकाळची वाट पाहायची.

टायमिंग, म्हणजे ठिणगीचा कोन, शेवटी घ्यावे. इंधनात दोन-चार टक्के चूक झाली तर इंजिन बहुधा सांभाळून घेते, पण ठिणगी पाच-सहा अंश लवकर पडली आणि भार जास्त असला तर ते सांभाळून घेत नाही. तत्त्व असे की, ज्वलनाचा सर्वोच्च दाब पिस्टन टीडीसी (त्याचे सर्वांत वरचे टोक) ओलांडून साधारण १५ अंश खाली गेल्यावर यावा. मिश्रण विरळ असताना ज्योत हळू पसरते, म्हणून हलक्या भाराला ३० ते ३५ अंशांचा अ‍ॅडव्हान्स चालतो. सिलिंडर गच्च भरलेला असताना तो बराच कमी करावा लागतो. सर्वाधिक टॉर्क देणाऱ्या कोनाच्या आसपास टॉर्कचा आलेख जवळजवळ सपाट असतो, आणि तीन-चार अंश मागे राहिल्याने एखाद-दोन टक्के टॉर्कच जातो. घरी शिकणाऱ्यासाठी ही मोठी सवलत आहे. तेवढा टॉर्क सोडून द्या आणि इंजिन सुरक्षित ठेवा.

नॉकिंग ऐकण्याची सोय केल्याशिवाय पूर्ण भाराला टायमिंग वाढवू नका. सिलिंडरच्या बोअरवरून नॉकिंगची वारंवारता काढता येते: ९०० ला पाय (π) आणि मिलिमीटरमधल्या त्रिज्येच्या गुणाकाराने भागले की उत्तर किलोहर्ट्झमध्ये मिळते. एस्टीमचा बोअर ७४ मिलिमीटर आहे, म्हणून तिचे नॉकिंग ७.७ किलोहर्ट्झच्या जवळपास येईल. ब्लॉकवर घट्ट बसवलेला नॉक सेन्सर, छोटा अ‍ॅम्प्लिफायर आणि हेडफोन एवढ्यावर ते ऐकू येते. जुने लोक तांब्याच्या नळीचे एक टोक चपटे करून ब्लॉकला बोल्टने आवळत आणि दुसऱ्या टोकाची रबरी नळी कानावरच्या मफपर्यंत नेत. ती पद्धत आजही चालते. आतल्या ठोक्यांचा आवाज काचा वर केलेल्या केबिनमध्ये, रेस जास्त असताना, नुसत्या कानाला उशिरा कळतो. टायमिंग नेहमी मिळणाऱ्या साध्या पेट्रोलवर ठरवा. १०० ऑक्टेनच्या पेट्रोलवर ठरवलेला मॅप खेड्यातल्या पंपावरच्या इंधनावर चालवणे धोक्याचे आहे. आणि खरा सर्वोत्तम कोन शोधायचा असेल, तर भार धरून ठेवणारा डायनो (गाडी जागेवरच पळवून टॉर्क मोजणारे यंत्र) एखादा दिवस भाड्याने घ्या. मोठ्या शहरांत असे डायनो उपलब्ध आहेत. रस्त्यावर पूर्ण थ्रॉटलला एक एक अंश वाढवत बसणे हा त्याला पर्याय होऊ शकत नाही.

प्रत्येक बदलाआधी मॅपची प्रत वेगळ्या नावाने जतन करा आणि काय बदलले, का बदलले, हे वहीत दोन ओळींत लिहा. एका वेळी एकच गोष्ट बदला.

भावाच्या डिझेल गाडीबद्दल माझे उत्तर सध्या तरी नकाराचे आहे. कॉमन रेल (सर्व इंजेक्टरना एकाच उच्च दाबाच्या नळीतून इंधन देणाऱ्या) डिझेलचा संगणक वेगळ्या पद्धतीने विचार करतो. पेडलचा अर्थ तो आधी टॉर्कची मागणी असा लावतो, त्या मागणीवर गिअरबॉक्स, धूर, तापमान आणि टर्बो यांच्या मर्यादा लागतात, आणि त्यानंतर इंधनाचे प्रमाण, रेलचा दाब आणि इंजेक्शनचा क्षण ठरतो. बाजारातले अनेक तयार मॅप यातल्या दोन-तीन मर्यादा वर ढकलतात आणि बाकीच्या तशाच ठेवतात. गाडी जोर दाखवते, पण सायलेंसरचे तापमान, क्लच आणि टर्बो यांची किंमत पुढे मोजावी लागते. फ्लॅशिंगच्या मध्येच बॅटरीचा व्होल्टेज कोसळला तर संगणक निकामी होऊ शकतो, म्हणून जाणकार माणूस स्थिर वीजपुरवठा जोडल्याशिवाय ते काम करत नाही. स्वस्त नकली उपकरणांचा मोठा धोका इथेच आहे, कारण ती वाचन नीट करतात आणि लिहिताना दगा देतात. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ गाड्यांमध्ये सॉफ्टवेअरवर कुलूपही कडक असते. डीपीएफ (काजळी अडवणारी गाळणी) काढून टाकणारा किंवा ईजीआर (धुराचा काही भाग पुन्हा इंजिनात पाठवणारी सोय) बंद करणारा मॅप तर कोणीही मागितला तरी करू नये. त्यातून निघणारी काजळी आणि घातक वायू रस्त्याकडेला उभ्या असलेल्या माणसांच्या छातीत जातात. एस्टीमवर एक वर्ष नीट काम झाले की विनओएलएससारख्या सॉफ्टवेअरमध्ये मूळ फाइल उघडून, काहीही न लिहिता, टेबल ओळखण्याचा सराव सुरू करा. आपण स्वतः भरलेल्या व्हीई टेबलाचा आकार डोळ्यांत बसलेला असला, की हजारो आकड्यांच्या गर्दीत इंजिनाची टेबल ओळखू येऊ लागतात.

अभ्यासक्रमाविषयी. पैसे भरण्याआधी जवळच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात फॉर्म्युला स्टुडंट प्रकारचा (स्वतः छोटी रेस कार बांधून स्पर्धेत उतरणाऱ्या विद्यार्थ्यांचा) संघ आहे का ते पाहा. कोइंबतूरच्या करी मोटर स्पीडवेवर होणाऱ्या फॉर्म्युला भारत स्पर्धेत महाराष्ट्रातले अनेक संघ जातात. तिथल्या नियमानुसार पेट्रोल इंजिनाची सारी हवा २० मिलिमीटरच्या अडथळ्यातून ओढावी लागते, त्यामुळे मूळ मॅप निरुपयोगी ठरतो आणि मुलांना तो नव्याने बांधावाच लागतो. अशा संघाला लॉग वाचणाऱ्या माणसाची नेहमी गरज असते आणि तुमची पदविका तिथे उपयोगी पडेल. तरीही अभ्यासक्रम करायचाच असेल, तर शिकवणाऱ्याला तीन गोष्टी विचारा: कोऱ्या टेबलावरून इंजिन सुरू करायला देणार का, भार धरणाऱ्या डायनोवर टायमिंग स्वतः फिरवायला देणार का, आणि बिघडलेल्या इंजिनाचे लॉग समोर ठेवून कारण शोधायला लावणार का. तिन्हीला होकार मिळाला तर फी योग्य ठिकाणी जाते आहे. उत्तरादाखल शेकडो तयार मॅपची पेन ड्राइव्ह पुढे केली गेली, तर त्याच पैशांत वाइडबँड सेन्सर आणि चांगला टायमिंग लाइट दोन्ही घेऊन या.